बिनआरशाचा कॅमेरा

बाबा, गेले दोन महिने मी कॅमेऱ्यांवरून डोकं पिकवून घेते आहे आणि दर वेळी राग शेवटी तुमच्यावरच येऊन थांबतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली; आता रागावून काय उपयोग, असं कुणीही म्हणेल. पण इतक्या हक्कानं रागवावं असं माझं दुसरं कुणी नाही. डिचोलीच्या घरात मी तुम्हाला 'तू' म्हणायचे, आपल्या बोलीत बापाला तसंच म्हणतात. लिहायला बसले की शाळेतली मराठी पुढं येते आणि तुमचं 'तुम्ही' होतं. भांडायला 'तू' सोयीचं पडलं असतं. पण आता सुरुवात झालीच आहे, तर तसंच चालू दे.

मी निवृत्त झाले. वाळपईच्या कचेरीत लागले ते तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर बदली घेऊन पेडण्याला आले आणि पुढची सगळी वर्षं इथंच फायली सरकवल्या. घरी बसले त्याच महिन्यात शेजारच्या मावशींचा नवरा गेला. मुलांकडे त्याचा धड एक फोटो नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रावरचा बोटाएवढा चेहरा त्यांनी कुठंतरी नेऊन हातभर मोठा करून आणला. भिंतीवर आता एक धुकं टांगलेलं आहे आणि त्याला रोज हार घालतात. पंधरा दिवसांनी मावशी माझ्याकडे आल्या, कदेल ओढून त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माजो आदीच एक बरो फोटो काडून ठेव गो. मेल्यावर ह्या पोरांचो काय भरवसो नाय." मी मोबाइलनं काढला. हल्लीचे मोबाइल स्वतःच्या मनानं चेहरा गुळगुळीत करतात. मावशींनी पडद्यावर पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "ही कोण? माजी धाकटी भैण?" एकही सुरकुती नव्हती. ऐंशी वर्षं कमावलेला चेहरा त्या यंत्रानं साफ पुसून टाकला होता. त्या दिवशी मी ठरवलं की खरा कॅमेरा घ्यायचा. आणि हे घरात बोलून दाखवलं, ती माझी चूक.

भाऊ दुसऱ्याच दिवशी डिचोलीहून आला. खांद्याला पिशवी, पिशवीत त्याचा जुना डीएसएलआर; नव्यानं शिकणाऱ्यांसाठी असतो तो साधा. हौसेनं घेतलेला आणि दोन सहलींनंतर कपाटात झोपलेला. "हो वापर, नवो कित्याक?" म्हणाला. मी म्हटलं, मुलगी म्हणते मिररलेस घे, हल्ली तेच घेतात. तो असा उसळला की जणू मी तुमची तसबीर काढून ठेवायला निघाले होते. "आरसो नाय तो कसलो कॅमेरो? बाबांनी असलो हातात धरलो नसतो." तुम्ही काय धरलं असतं आणि काय नसतं, याचा ठेका आपल्या घरात त्याच्याकडे आहे. स्टुडिओत तो किती वेळा पाय ठेवायचा, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. दिवाळीला खर्चायला पैसे हवे असले की.

चवथीला, गणपतीसाठी, मुलगी बेंगळुरूहून आली ती स्वतःचा मिररलेस घेऊन. तोही तसाच सुरुवातीचा. जाताना माझ्याकडे ठेवून गेली. "आई, पंधरा दिवस दोन्ही वापर, मग ठरव." तोवर बरं होतं. पण मग तिनं तक्ते पाठवायला सुरुवात केली. कुणाचं वजन किती ग्रॅम, सेकंदाला किती फोटो, कुणाच्या लेन्स बाजारात मिळतात, कुणाच्या बंद होणार. मी कळवलं, अगो, मला मावशीचा फोटो काढायचा आहे, धावत्या वाघाचा नाही. भावाचे फोन वेगळे. दोघं मला आरसा म्हणजे काय ते समजावून सांगत होते. मला! तुमच्या काउंटरच्या मागं बसून मी कॅमेऱ्याची पोटं उघडी पाहिली आहेत. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो, आरसा तो वर उडवतो, वर काचांवरून वळून तो डोळ्याशी येतो. बटण दाबलं की आरसा टाळी वाजवल्यासारखा वर जातो आणि उजेड मागं पोचतो. तुमच्या वेळी मागं फिल्म होती, आता तिथं सेन्सर आहे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात ही मधली सगळी कसरत काढून टाकली आहे. उजेड सरळ सेन्सरवर, आणि आपण बघतो तो आतला चिमुकला पडदा. एवढंच. यावर दोन घरांत भांडण लागण्यासारखं काय आहे?

आहे, हे मला भावाचा कॅमेरा डोळ्याला लावल्यावर कळलं. बटण दाबलं आणि तो आवाज झाला, खट्ट. बाबा, मी पडवीत उभी होते आणि पुढच्या क्षणाला डिचोलीच्या बाजारातल्या आपल्या स्टुडिओत. समोरच्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक जात आहेत, एकामागं एक, आणि शोकेसच्या काचेवर लाल धूळ बसते आहे. मी ती ओल्या फडक्यानं पुसते, पुसून मागं वळेपर्यंत पुन्हा बसलेली असते. आत खाणीवरच्या माणसांची रांग आहे, ओळखपत्रासाठी. तुम्ही जनेल उजेडापुरतं अर्धं उघडता, एकेकाला कदेलावर बसवता आणि म्हणता, "हनुवटी वर. आनी जरा. लग्नाक बसल्यासारखो बस, तुरुंगात बसल्यासारखो नको." तो हसतो आणि तेवढ्यात खट्ट. तुम्हाला ते येत होतं. हसू संपून चेहरा परत आपला होतो, तो मधला क्षण तुम्हाला बरोबर सापडायचा. मला तुम्ही रोल घालायला शिकवलंत, उजेड मोजायला शिकवलंत, काचेच्या मधल्या गोलात चेहरा दोन तुकड्यांत दिसतो, रिंग फिरवून ते तुकडे जुळवायचे, हेसुद्धा शिकवलंत. बटण तेवढं तुम्हीच दाबायचं. का, ते कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं की तुम्ही चिडायचात.

आता त्या सुर्ल्याच्या लग्नावर येते. टाळून चालणार नाही. मी तेव्हा चोविशीत होते. मुलीच्या बापाचे दोन ट्रक खाणीवर होते, पाहुण्यांची रीघ, मांडव अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत. तुम्ही दिवसभर फोटो काढलेत, मी फ्लॅशची बॅटरी खांद्याला लावून मागं मागं. आठवड्यानं म्हापशाहून प्रिंट आले आणि पाकीट उघडल्यावर तुम्ही खाली बसलात. एकही चेहरा धड नव्हता. नवरी पुसट, नवरा पुसट, अंतरपाट पुसट. मागची केळीची पानं मात्र कुठं कुठं अशी स्वच्छ की शिरा मोजाव्यात. मुलीचा बाप दुकानात आला. तो ओरडला नाही. नुसता एकेक फोटो काउंटरवर मांडत गेला. आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "रोल हिने घातले. बसले नाय बरे."

रोल वाईट बसला तर फोटो कोरा येतो, पुसट येत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या माणसाला तेवढं माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कीव आल्यासारखं, आणि फोटो गोळा करून निघून गेला. आई जेवायला हाक मारत राहिली, मी आतल्या खोलीत भरतीच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसले. त्या पावसाळ्यात वाळपईची नोकरी लागली आणि स्टुडिओत मी पुन्हा आले नाही. नंतर भावानं तुम्हाला पणजीला नेलं आणि डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. म्हणजे ते तुकडे तुम्हाला जुळलेले दिसत होते, जुळलेले नसताना. ऑपरेशन झालं. तुम्ही काळा चष्मा लावून ओट्यावर बसायचात. मी शनिवारी घरी यायचे, आपण पावसाबद्दल बोलायचो, पोदेरानं पाव लहान केलेत त्याबद्दल बोलायचो. त्या लग्नाबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. मी वाट पाहिली, बाबा. खूप वर्षं पाहिली. मग तुम्ही गेलात.

म्हणून हे दोन कॅमेरे समोर ठेवून बसले तेव्हा माझा जीव भलत्याच गोष्टीत अडकला. भावाच्या कॅमेऱ्यात जग आहे तसं दिसतं, खरं आहे. पण ते लहान दिसतं, किंचित अंधारं, आणि फोटो कसा येणार ते काढल्याशिवाय कळत नाही. मावशींना मी जनेलाशी बसवलं आणि आधी तोच लावला. फोकसचे ठिपके सगळे मधोमध. डोळ्यांवर धरायला गेले, मावशी बोलायला पुढं झुकल्या, आणि फोकस कपाळावरच्या पदराच्या काठावर. काठाची वीण सुरेख आली. मावशी मात्र मागं राहिल्या. मग मुलीचा घेतला. त्यानं स्वतःहून मावशींचा डोळा शोधला आणि त्यावर एक हिरवी चौकट ठेवली. मावशी हलल्या, चौकट हलली. त्या मान वळवून कोंबड्यांना हाकलायला लागल्या, चौकट गेली. परत वळल्या, परत आली. उजेड कमी-जास्त केला तर फोटो काढायच्या आधीच पडद्यावर दिसतो. मी सात काढले आणि सातही नीट. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की मी तो टेबलावर आपटणारच होते. एवढीशी हिरवी चौकट! ही तेव्हा असती तर? तुमची अर्धी नजर गेली असती तरी सुर्ल्याची ती पोर स्पष्ट आली असती, मी स्टुडिओत राहिले असते, आणि पस्तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारले नसते.

तसा तोही काही गुणांचा पुतळा नाही, हे भावासाठी लिहून ठेवते. त्याची बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही. भावाचा कॅमेरा एकदा चार्ज केला तो चवथीपासून अजून चालतो आहे. मिररलेसची लेन्स बदलायला काढली की आतला सेन्सर उघडा पडतो, धुळीला आयतं आमंत्रण. आपल्या बाजारात त्याचं एका सकाळीत वाटोळं झालं असतं. आणि अंधाऱ्या खोलीत तो पडदा असा रवाळ दिसतो की सांजा शिजतोय असं वाटावं. पण वजन निम्मं आहे आणि माझं मनगट दुखतं. हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तरीपण. आरसो तो आरसो." मी फोन ठेवला.

मावशींचा फोटो वाड्यावर फिरला आणि मग बायका यायला लागल्या. सगळ्यांना मेल्यावर लावायचा फोटो हवा. एक आली ती खोटे दात घालून, दुसरी दात काढून, असो. गेल्या मंगळवारी माझ्याच वयाची एक बाई आपल्या सासूला रिक्षातून घेऊन आली. सासूला बसवलं, पदर नीट केला, आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "तू डिचोलीच्या फोटोवाल्याचा चेडू, नाय गो?" मी म्हटलं, हो, मी त्यांची मुलगी. "माका ओळखलंस नाय? माजा लगीन सुर्ल्याक. तुमीच इल्ले फोटो काडूक."

ओळखणार कशी? तिचा चेहरा माझ्याकडे पुसटच होता. साठीची बाई मी, नातवंडाची वाट बघणारी, आणि मला स्वयंपाकघरात जाऊन लपावंसं वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या लग्नाचे फोटो... ते माझ्यामुळं..." तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही. "खंयचा तुज्यामुळां? तुजे बाबा येवन सांगून गेले मां."

ती जे बोलली ते इथं सरळ लिहिते. तुमचं ऑपरेशन झालं त्यानंतर तुम्ही एकटे बसनं सुर्ल्याला गेलात. काळा चष्मा लावून. तिच्या बापाच्या ओट्यावर बसलात आणि म्हणालात की रोल पोरीनं बरोबर घातले होते, डोळे माझे गेले होते, तिच्यावर घातलं ती माझी चूक. मग तुम्ही विचारलंत, पोर माहेरी कधी येणार? ती आणि तिचा नवरा आले तेव्हा तुम्ही पुन्हा गेलात, कॅमेरा घेऊन. तिला लग्नातला शालू नेसायला लावलात, आतून मुंडावळ्या शोधून काढायला लावल्यात, आणि अंगणात दोघांना उभं करून एक अख्खा रोल काढलात. ती तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती, उभी राहून राहून चक्कर आली म्हणे, तरी तुम्ही "आनी एक, आनी एक" म्हणत होता. तिनं मोबाइल काढून मला दाखवलं. घरातल्या भिंतीवरच्या फोटोचा तिनं फोटो काढून ठेवला आहे. दोघं आंब्याखाली. तिच्या पापण्या वेगळ्या मोजता येतात. तिचं हसून झालं आहे आणि चेहरा परत तिचा झाला आहे.

"तुका म्हायत नाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही.

तिच्या सासूचा फोटो मी काढला. बरा आला. दोघींना चहा दिला, रिक्षापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले, तेही रागानं. काय माणूस हो तुम्ही! सुर्ल्याला दोनदा बस बदलून जायला जमलं आणि आतल्या खोलीचा उंबरा ओलांडायला जमलं नाही? परक्या माणसासमोर मान खाली घातलीत आणि मला पोदेराच्या पावाच्या गोष्टी सांगितल्यात? मी दर शनिवारी तुमच्या समोर बसत होते. एक वाक्य. तेसुद्धा नको, नुसतं "चल, सुर्ल्याला जाऊ" म्हटलं असतंत तरी मी बॅटरी खांद्याला लावून आले असते. भावाला फोन करून विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "आईक म्हायत आशिल्ला. बाबा म्हणाले, चेडवाक सांगू नका, ता आता नोकरेक लागला, परत ह्या धुळीत कित्याक येवक जाय?" म्हणजे तुम्ही माझं भलं करत होता. पस्तीस वर्षं माझं भलं चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

काल मी म्हापशाला जाऊन कॅमेरा घेतला. बिनआरशाचा, डोळ्याला लावायची खिडकी असलेला. नुसत्या मागच्या पडद्यावर बघून काढायचा स्वस्तातला होता, तो मला जमेना, उन्हात काही दिसत नाही. दुकानदारानं विचारलं, आधी कधी वापरला आहे का? मी म्हटलं, नाही, फक्त धरला आहे. दोन जादा बॅटऱ्या घेतल्या. भाऊ बोलत नाही. मावशी म्हणतात आता आणखी एक काढ, मागच्यात मी दमलेली दिसते.

इथवर लिहून मी दोनदा उठले. कारण तुमच्यावर एवढं तोंड सुटल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती मी त्या सुर्ल्याच्या बाईलाही सांगितली नाही. लग्नाच्या सकाळी बसमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, आज एक रोल मी काढू? तुम्ही कंडक्टरच्या देखत हसलात आणि म्हणालात, "तू पिशयो सांभाळ. फोटो काडूक नदर असूक लागता." मी पिशव्या मांडीवर घेतल्या. सुर्ल्याला नवरीला मांडवात बसवून, कॅमेरा स्टँडवर लावून तुम्ही तिचा पहिला फोटो घेतलात आणि मुलीच्या बापानं हाक मारली म्हणून सरबत प्यायला गेलात. नवरी तशीच बसलेली, कुणी तिच्या गजऱ्याला टाचणी लावत होतं. मी डोळा लावून पाहिलं. मधल्या गोलात तिचं कपाळ एकीकडे आणि डोळे दुसरीकडे होते, चांगलं बोटभर अंतर. तुम्ही आत्ता घेतलेला फोटो. अजून मंगलाष्टकं व्हायची होती, सप्तपदी व्हायची होती, सगळं लग्न व्हायचं होतं. तुम्ही मिशी पुसत परत आलात आणि विचारलंत, "कितें बघता?" मला नीट कळलं होतं काय झालंय ते. आणि मला वाटलं, होऊ दे, कळू दे सगळ्यांना कुणाला नजर आहे ती. मी म्हटलं, "काय नाय."

हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून एवढं लिहिलं. टाकायचं असतं, तर हा शेवटचा भाग मी गाळला असता.